मॉर्फिनला घाबरतो, पण झोपेच्या गोळीला नाही!

"डॉक्टर, मॉर्फिन नको हो. सवय लागेल." कॅन्सरच्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. रुग्ण वेदनेनं रात्र रात्र बसून काढत असतो आणि घरच्यांना काळजी असते ती सवयीची. त्याच घरात कुणीतरी गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल घेत असतं, रात्री झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलाम घेत असतं, आणि खोकला झाला की कपाटातली जुनी बाटली काढून कोडीनचं पातळ औषध दोन चमचे पीत असतं. या तिन्हींची भीती मात्र कुणालाच वाटत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की आपली भीती चुकीच्या जागी आहे. अफू गटातलं औषध योग्य कारणासाठी, योग्य मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं, तर ते बहुतेक वेळा नीट काम करतं. घात होतो तो पुष्कळदा सोबत पोटात जाणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या औषधामुळे. म्हणून "हे औषध स्ट्राँग आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. "याच्यासोबत आणखी काय काय चालू आहे?" हा खरा प्रश्न आहे. तो रुग्ण विचारत नाहीत, आणि गर्दीच्या ओपीडीत बऱ्याचदा आम्ही डॉक्टरही विचारत नाही.

अफू गटातली औषधं म्हणजे कोणती?

'नार्कोटिक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पोलिसांची धाड आणि ब्राउन शुगर येते. वैद्यकशास्त्रात या गटात अफूच्या बोंडापासून मिळणारी औषधं आणि त्यांच्यासारखंच काम करणारी, कारखान्यात तयार केलेली औषधं येतात. यांतली बरीच आपल्या ओळखीची आहेत.

• मॉर्फिन: कॅन्सरच्या वेदना, मोठे अपघात, ऑपरेशननंतरची वेदना.
• फेंटॅनिल: भूल देताना इंजेक्शन म्हणून, तर कॅन्सरच्या रुग्णांत त्वचेवर चिकटवायचा पॅच म्हणून.
• ट्रॅमाडॉल: कंबर, गुडघे, हाड मोडल्यानंतरची वेदना. बहुतेक वेळा एकाच गोळीत पॅरासिटामॉलसोबत असतं.
• टॅपेंटाडॉल: ट्रॅमाडॉलचं भावंडच म्हणा.
• कोडीन: कोरड्या खोकल्याच्या काही पातळ औषधांत.
• पेथिडिन, पेंटाझोसिन: मुख्यतः इंजेक्शनं.
• ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन: वेदनेसाठी आणि व्यसनमुक्तीच्या उपचारातही.

तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात यांपैकी एखादं नाव सापडलं, तर घाबरून ते फेकू नका. पण पुढचं नीट वाचा.

श्वास का मंदावतो?

आपण झोपलेले असताना श्वास घ्यायची आठवण कोण ठेवतं? मेंदूच्या बुंध्याशी असलेलं श्वसनाचं केंद्र. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हे केंद्र लगेच "श्वास घे" असा हुकूम सोडतं. अफू गटातलं औषध या केंद्राला थोडं सुस्त करतं. मात्रा बेताची असेल, तर केंद्र सुस्त होऊनही काम सांभाळून नेतं.

झोपेची गोळी मेंदूवर वेगळ्या वाटेनं काम करते. ती गुंगी आणते, घशाचे स्नायू सैल करते आणि जाग येण्याची ताकद कमी करते. दारूचंही तसंच. आता विचार करा, रात्रीच्या रखवालदाराला एकानं गुंगीचं दूध पाजलं आणि दुसऱ्यानं कानात बोळे घातले, तर तो किती जागा राहील? इथे एक आणि एक दोन होत नाहीत, कधी तीन होतात, कधी चार.

धोका सर्वांना सारखा नसतो. वयस्कर माणसं, अंगानं बारीक माणसं, किडनी किंवा लिव्हर कमजोर असलेले, विडी-सिगारेटमुळे फुप्फुसं खराब झालेले, आणि झोपेत मोठ्यानं घोरून मध्येच श्वास थांबणारे यांना तो जास्त. नवं औषध सुरू केल्यावरचे पहिले काही दिवस आणि मात्रा वाढवल्यानंतरचे दिवस विशेष जपायचे.

हॉलिवुडचा अभिनेता हीथ लेजर जानेवारी २००८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेला, तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता. तपासणीत त्याच्या शरीरात सहा औषधं सापडली: अफू गटातली दोन, झोप आणि चिंतेवरची तीन, आणि सहावं डॉक्सिलामिन, म्हणजे सर्दी-झोपेसाठी सहज मिळणारं ॲलर्जीविरोधी औषध. मृत्यूचं कारण म्हणून या सर्वांच्या एकत्रित परिणामाची नोंद झाली, आणि हा अपघात होता असाही निष्कर्ष निघाला.

३१ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं अफू गटातली औषधं आणि अल्प्राझोलाम, डायझेपामसारखी औषधं या दोन्हींच्या माहितीपत्रकांवर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला: एकत्र घेतल्यास श्वास थांबू शकतो. आपल्याकडे असा इशारा छापला तरी वाचतो कोण? स्ट्रिप कात्रीनं कापून चार गोळ्या हातावर मिळतात, तिथे माहितीपत्रक कुठून येणार!

धोक्याच्या जोड्या

१. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम, झोल्पिडेम. ही सर्वांत धोक्याची जोडी. पण अडचण अशी की ही औषधं नेहमी 'झोपेची गोळी' म्हणून येत नाहीत. नैराश्यासाठी दिलेल्या एसिटालोप्रामच्या गोळीतच क्लोनाझेपाम असू शकतं. पोटात मुरडा येतो म्हणून दिलेल्या गोळीत क्लिडिनियमबरोबर क्लोरडायाझेपॉक्साइड असू शकतं. रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो, "मी झोपेची गोळी घेत नाही." त्याच्या मते ती पोटाची गोळी असते.

२. 'नसांच्या' गोळ्या. मधुमेहात तळपायांची आग होते, तेव्हा प्रिगॅबालिन किंवा गॅबापेंटिन देतात. आपल्याकडे ते पुष्कळदा मिथाइलकोबालामिनसोबत एकाच गोळीत मिळतं, त्यामुळे रुग्ण तिला 'व्हिटॅमिनची गोळी' म्हणतात. व्हिटॅमिनला कोण घाबरणार? पण प्रिगॅबालिन गुंगी आणतं, आणि अफू गटातल्या औषधासोबत श्वास मंदावू शकतं.

३. सर्दीची औषधं. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या ॲलर्जीविरोधी औषधांनी झापड येते. खोकल्याच्या कोडीन असलेल्या औषधात बहुतेक वेळा हे आधीच मिसळलेलं असतं. त्यावर आणखी सर्दीची गोळी घेतली, तर तेच औषध दुप्पट झालं.

४. दारू. "थोडीशीच घेतली होती" हे या बाबतीत चालत नाही. अफू गटातलं औषध चालू असताना दारू नको, अगदी बिअरही नको. जे रोज घेतात त्यांनी लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावं, कारण त्यावर औषधाची निवड ठरते.

५. ट्रॅमाडॉल आणि नैराश्याची औषधं. इथला धोका वेगळा आहे. ट्रॅमाडॉल मेंदूत सेरोटोनिन हे रसायन वाढवतं, आणि नैराश्याच्या बऱ्याच गोळ्याही तेच करतात. दोन्ही मिळून थरथर, घाम, ताप, बेचैनी, जुलाब, स्नायू आखडणं असा प्रकार होऊ शकतो. फिटही येऊ शकते. ज्यांना आधीच फिट्सचा आजार आहे, त्यांच्यासाठी ट्रॅमाडॉल मुळातच अडचणीचं औषध. शिवाय फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवतात. कोडीन आणि ट्रॅमाडॉल त्याच एन्झाइमच्या मदतीनं पूर्ण जोमानं काम करतात. ते अडलं की वेदना कमी होत नाही, रुग्ण आणखी एक गोळी घेतो आणि दुष्परिणाम वाढतात.

या प्रकारातली एक जोडी वैद्यकीय इतिहासात नोंदली गेली आहे. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी तापानं रुग्णालयात दाखल झाली. तिला नैराश्यासाठी फेनेल्झिन चालू होतं. अंगाची थरथर थांबावी म्हणून पेथिडिनचं इंजेक्शन दिलं गेलं. काही तासांत ताप भयानक वाढला आणि ती दगावली. या दोन औषधांची जोडी जमत नाही हे तेव्हाही ठाऊक होतं, आणि तिच्या मृत्यूमागे हीच जोडी असावी असं पुढे मानलं गेलं. त्या प्रकरणानंतर न्यूयॉर्क राज्यात शिकाऊ डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला ८० पर्यंत मर्यादित झाले. थकलेला डॉक्टर विसरतो हे त्यामुळे मान्य झालं. म्हणून तर आपल्या औषधांची आठवण रुग्णानंही करून द्यायला हवी.

६. टीबीची औषधं. आपल्याकडे टीबी काही थोडा नाही. रिफाम्पिसिन लिव्हरचा वेग वाढवतं, त्यामुळे अफू गटातली काही औषधं शरीरातून लवकर निघून जातात आणि वेदना परत येते. मग मात्रा वाढवली जाते. पुढे टीबीचा कोर्स संपतो, रिफाम्पिसिन बंद होतं, लिव्हर पूर्वपदावर येतं, आणि तीच वाढवलेली मात्रा आता जास्त होते. औषध बंद झाल्यामुळेही धोका होऊ शकतो, तो असा. दुसरी गोष्ट लिनेझोलिडची. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत ते वापरतात, आणि ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा पेथिडिनसोबत ते वर सांगितलेला सेरोटोनिनचा त्रास घडवू शकतं.

७. बुरशीविरोधी आणि काही अँटिबायोटिक गोळ्या. गजकर्णासाठी हल्ली इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे दिलं जातं. ते, फ्लुकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन लिव्हरचा वेग कमी करतात. फेंटॅनिलचा पॅच लावलेल्या रुग्णात यामुळे रक्तातलं औषध वाढत जातं. त्वचेच्या डॉक्टरांना पॅचबद्दल सांगायचं कुणाला सुचेल? पण सांगायला हवं.

८. मधुमेह आणि रक्त पातळ करणारी औषधं. ट्रॅमाडॉलनं काहींची साखर उतरू शकते. वॉरफरिन घेणाऱ्यांचं रक्त जास्त पातळ होऊ शकतं. दोन्ही बाबतींत सुरुवातीला तपासणी करून घ्यावी.

९. लपलेलं पॅरासिटामॉल. ट्रॅमाडॉलच्या गोळीत पॅरासिटामॉल आहे, सर्दीच्या गोळीत आहे, आणि ताप आला म्हणून वेगळी गोळीही घेतली. निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. वयस्कर, कमी वजनाच्या आणि दारू घेणाऱ्यांसाठी ती आणखी खाली. लिव्हर बोलून दाखवत नाही, थेट बिघडतं.

एक आजी, चार औषधं

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. सत्तरीच्या आजी, वजन ४८ किलो, मधुमेह आहे, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉल दिलं. मधुमेहाच्या डॉक्टरांनी पायांच्या आगीसाठी प्रिगॅबालिन दिलं. आठ वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा झोपेसाठी अल्प्राझोलाम सुरू झालं होतं, ते जुन्या चिठ्ठीवर अजून येतं आहे. परवा खोकला झाला, तेव्हा मुलानं मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणलं.

यात चूक कुणाची? प्रत्येक औषधाला त्याच्या जागी कारण आहे. पण रात्री साडेनऊला जेवण झाल्यावर ही चारही औषधं एका घोट पाण्याबरोबर आत जातात, आणि ते कुणाच्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. दहा वाजता सून म्हणते, "आज आईंना छान झोप लागली, मस्त घोरताहेत." ते घोरणं वेगळं असतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्या. अशा जोड्या कधीच देऊ नयेत असं मी म्हणत नाही. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिनसोबत गॅबापेंटिन किंवा चिंतेचं औषध आम्ही मुद्दाम देतो, मात्रा कमी ठेवून आणि लक्ष ठेवून. विचार करून दिलेली जोडी आणि नकळत जमलेली जोडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझी तक्रार दुसरीबद्दल आहे.

कायदा गोळी पाहतो, जोडी पाहत नाही

आपल्याकडे कायदे कमी नाहीत. १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा आहे. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही त्याच्या कक्षेत आलं. २०१४ पासून एच-वन नावाचं परिशिष्ट लागू आहे. त्यात कोडीन, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम, डायझेपाम यांची नावं आहेत. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि कुणाला किती दिली याची नोंद दुकानदारानं वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षं जपायची.

ही सगळी व्यवस्था एकेका औषधावर नजर ठेवते. एकाच माणसाच्या नावावर एका वहीत ट्रॅमाडॉल आणि दुसऱ्या दुकानाच्या वहीत अल्प्राझोलाम लिहिलं गेलं, तर ते जुळवून पाहणारं कुणी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारनं टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल या स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या एकत्र गोळीचं उत्पादन आणि निर्यात थांबवायला सांगितलं. महाराष्ट्रातल्या एका कंपनीच्या अशा गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचं बीबीसीनं उघड केलं होतं. ती जोडी निदान एकाच गोळीत होती, म्हणून दिसली. आपल्या घरातल्या जोड्या चार वेगवेगळ्या पाकिटांत असतात.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंनाही माझं सांगणं आहे. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात 'सध्या चालू औषधं' अशी एक ओळ ठेवू या, आणि ती भरल्याशिवाय नवं औषध लिहायचं नाही असं ठरवू या. त्याला दोन मिनिटं जास्त लागतील. औषध विक्रेत्यांनी आठ वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर झोपेची गोळी देणं थांबवावं. गिऱ्हाईक रागावेल, रागावू द्या.

आणि मॉर्फिनला नाही म्हणू नका

हे सगळं वाचून कुणी घरातल्या कॅन्सरच्या रुग्णाचं मॉर्फिन बंद करू नका. ते या लेखाचं सर्वांत वाईट फळ ठरेल. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर आणि राजस्थानात चित्तोडगड भागात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते. आपल्या देशात अफू पिकते, आणि आपलेच रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले, कारण परवान्यांचा गुंता मोठा होता. २०१४ च्या दुरुस्तीनं तो बराच सोपा केला. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या वेदनाशमनात आयुष्य घातलेल्या डॉक्टरांनी त्यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता.

कॅन्सरच्या वेदनेसाठी नीट मात्रेत दिलेल्या मॉर्फिननं माणूस व्यसनी होण्याची शक्यता कमी असते. शरीराला औषधाची सवय होते हे खरं, म्हणूनच ते अचानक बंद करायचं नसतं. पण सवय आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉर्फिनसोबत एक औषध मात्र जवळजवळ नेहमीच हवं, ते म्हणजे पोट साफ होण्याचं. अफू गटानं आतडी मंदावतात, बद्धकोष्ठ होतो, आणि केवळ त्या त्रासापायी कित्येक रुग्ण वेदनाशामक सोडून देतात.

घरी काय कराल?

१. डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या. गोळ्या, पातळ औषधं, थेंब, पॅच, काढे, सगळं. काही आयुर्वेदिक कल्पांतही अफू असते, कामिनी विद्रावण रस हे त्याचं एक उदाहरण. त्यामुळे "ते तर आयुर्वेदिक आहे" म्हणून मागे ठेवू नका.
२. एका कागदावर औषधांची यादी करा: नाव, मात्रा, वेळ, कोणी दिलं, कधीपासून. त्याचा फोटो मोबाईलमध्ये आणि एक प्रत रुग्णाच्या पाकिटात ठेवा.
३. पाकिटावरचं मोठं नाव कंपनीचं असतं. खरं औषध बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचा, जमत नसेल तर औषध विक्रेत्याला वाचून दाखवायला सांगा.
४. सर्व औषधांवर नजर ठेवणारा एक डॉक्टर ठरवा. शक्यतो तुमचे फॅमिली डॉक्टर.
५. उरलेल्या वेदनाशामक गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका, पुढच्या दुखण्यासाठी राखूनही ठेवू नका. लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असं पाहा. १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल देऊ नये अशी सूचना अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१७ मध्ये दिली आहे. घरी मुलांना मोठ्यांचं खोकल्याचं औषध अर्धं करून कधीही देऊ नका.
६. फेंटॅनिलच्या पॅचवर शेकायची पिशवी ठेवू नका, कडक उन्हात बसू नका. उष्णतेनं औषध भराभर आत शिरतं. ताप आला तर डॉक्टरांना कळवा. नवा पॅच लावताना जुना काढायला विसरू नका, पॅच कापूही नका.
७. सुरुवातीच्या दिवसांत स्कूटर, गाडी, ट्रॅक्टर चालवू नका.
८. आणि सर्वांत महत्त्वाचं, हा लेख वाचून कुठलीही गोळी स्वतःच बंद करू नका. वर्षानुवर्षं चाललेली अल्प्राझोलामसारखी गोळी एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. ती हळूहळूच कमी करावी लागते.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

• हाक मारली, हलवलं तरी डोळे उघडत नाही, किंवा उघडून लगेच पुन्हा पेंगतो.
• श्वास फार सावकाश आहे. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दहापेक्षा कमी असेल तर धोका.
• कधी नव्हे असं खोल, घरघरणारं घोरणं.
• ओठ, नखं निळसर.
• डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

लगेच १०८ वर फोन करा. रुग्णाला कुशीवर वळवा, पॅच असेल तर काढा, आणि जवळ बसून राहा. श्वास थांबला तर १०८ वरचा माणूस सांगेल तसं छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. लिंबूपाणी, ताक, कॉफी, मिठाचं पाणी काहीही तोंडात घालू नका. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या ते फुप्फुसात जाईल. अफू गटावर नालोक्सोन नावाचं उताऱ्याचं इंजेक्शन रुग्णालयात असतं आणि ते झपाट्यानं काम करतं. पण ते झोपेच्या गोळीवर किंवा दारूवर चालत नाही. त्यामुळे काय काय घेतलं होतं, ती सगळी पाकिटं सोबत न्या.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

खसखस चालते का? स्वयंपाकात वापरतो तेवढी चालते. भाजीच्या वाटणातल्या किंवा अनारशावरच्या खसखशीनं श्वास मंदावत नाही.

दोन औषधं वेगवेगळ्या वेळी घेतली तर धोका टळतो का? पूर्ण टळत नाही. क्लोनाझेपाम, डायझेपामसारखी औषधं शरीरात दिवस-दिवस रेंगाळतात. मधलं अंतर किती ठेवायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तेव्हा आज रात्रीची औषधं देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांचा डबा एकदा जेवणाच्या टेबलावर उघडा आणि बारीक अक्षरांतली नावं मोठ्यानं वाचा. वर लिहिलेल्यांपैकी दोन नावं एकाच डब्यात निघाली, तर उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा आणि विचारा, "ही दोन्ही चालू आहेत, हे तुम्हाला माहीत आहे ना?" बऱ्याच वेळा उत्तर "हो, माहीत आहे" असंच येईल. पण कधीतरी पलीकडे क्षणभर शांतता पसरेल, आणि तुम्ही केलेल्या त्या एका फोनचं चीज होईल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या औषधांत बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)